तारखात्यातला पावी आणि मेकाँगचा डावा काठ

भाट्येकर | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा टाकून बसा.

रत्नागिरीत वाढलेल्या प्रत्येकाला थिबा राजा माहीत असतो. आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी थिबा पॅलेसलाच जायची, कारण बसचा खर्च नाही, पोरं चालत जातात. "ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी पकडून इथे ठेवला", एवढं बाई सांगायच्या आणि मग आम्ही डबे उघडायचो. का पकडला, हे कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

का पकडला? सागवानाच्या ओंडक्यांवरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला मंडालेच्या दरबाराने दंड ठोठावला, हे वरवरचं कारण. आतलं कारण फ्रेंच. जानेवारी १८८५मध्ये थिबाच्या वकिलांनी पॅरिसमध्ये फ्रान्सशी तह केला, पाठोपाठ फ्रेडरिक हास नावाचा फ्रेंच वकील मंडालेत येऊन बसला. रेल्वे, बँक असल्या योजनांच्या वावड्या उठल्या. कलकत्त्यात त्या वेळी व्हाइसरॉय होते लॉर्ड डफरिन. हिंदुस्थानच्या कुशीत फ्रेंच शिरतात म्हटल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. नोव्हेंबर १८८५ संपायच्या आत थिबा आगबोटीवर, १ जानेवारी १८८६ला उत्तर ब्रह्मदेश खालसा, आणि त्याच वर्षी राजा आमच्या गावात.

हे सगळं वाचताना माझं लक्ष वेधलं ते नकाशाच्या पलीकडच्या बाजूने. पश्चिमेकडून इंग्रज मेकाँग नदीच्या दिशेने सरकले म्हटल्यावर पूर्वेकडे व्हिएतनाममध्ये पाय रोवलेले फ्रेंच काय करणार? त्यांनीही एक माणूस मेकाँगवर पाठवला. तो ना सेनापती, ना उमराव, ना वकिलातीत मुरलेला मुत्सद्दी. तारखात्यातला कारकून. नाव ओग्युस्त पावी. (पावावरचे विनोद प्रतिसादात नकोत. पेठेतले, तुम्हाला सांगतोय.)

पावीचा जन्म १८४७चा, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या दिनान गावचा. शिक्षण बेताचं. सतराव्या वर्षी फौजेत, तिथून नौदलाच्या पायदळात आणि १८६९मध्ये कोचिनचायना म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनाममध्ये. तिथे टपाल आणि तारखात्यात चिकटला. मधे प्रशियाशी लढाई लागली म्हणून मायदेशी जाऊन आला. परतल्यावर त्याची नेमणूक झाली कांपोतला. कंबोडियाच्या किनाऱ्यावरचं लहानसं बंदर, मिरीसाठी नावाजलेलं. गोरी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. असल्या ठिकाणी नोकरी म्हणजे शिक्षाच. साहेबलोक तिथे दारू तरी पितात नाही तर बदलीचे अर्ज तरी लिहितात. पावीने ख्मेर शिकून घेतली. बूट काढून टाकले. डोक्यावर मोठ्या काठाची टोपी, छातीवर दाढी, आणि अनवाणी पायांनी हिंडायचं. देवळात भिक्खूंच्या शेजारी बसून जुन्या गोष्टी ऐकायच्या आणि उतरवून घ्यायच्या. इतर फ्रेंच त्याला हसत असणार. पण कोचिनचायनाचा गव्हर्नर ल मीर द विलेर याच्या नजरेत हा माणूस भरला. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

गव्हर्नरने त्याला तारेच्या मार्गाची पाहणी दिली, आणि पुढे नोम पेन्ह ते बँकॉक अशी तार टाकायचं काम. १८८३मध्ये ती तार सुरू झाली. तारेच्या निमित्ताने नकाशा झाला, वाटेतल्या गावांची ओळख झाली, कोणता मुखिया कोणाला मानतो हे कळलं. १८८५मध्ये तो तेरा कंबोडियन तरुणांना घेऊन पॅरिसला गेला. त्यांच्यासाठी निघालेली ती शाळा पुढे १८८९मध्ये वसाहतींचे अधिकारी घडवणारी एकोल कोलोनियाल झाली. म्हणजे एतद्देशीयांना शिकवायला काढलेल्या शाळेत पुढे त्यांच्यावर राज्य करणारे शिकू लागले. गंमतच आहे.

आणि १८८६मध्ये, थिबा रत्नागिरीला पोचला त्याच वर्षी, हा तारवाला लुआंग प्रबांगचा (आजच्या उत्तर लाओसमधलं, मेकाँगकाठचं राज्य) फ्रेंच उपवकील नेमला गेला. सयामशी, म्हणजे आजच्या थायलंडशी, करार होऊन ती जागा निर्माण झाली होती, कारण लुआंग प्रबांगचा राजा सयामचा मांडलिक. बँकॉकवाल्यांनी त्याला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलं. फेब्रुवारी १८८७मध्ये तो एकदाचा पोचला.

मग आला जून. डोंगरातल्या टोळ्यांचा बंदोबस्त करायला आलेली सयामी फौज "सगळं शांत आहे" म्हणून परत फिरली आणि जाताना लाय चाऊच्या (आजच्या व्हिएतनामच्या वायव्येकडचा डोंगरी मुलूख) सरदार घराण्यातली पोरं ओलीस घेऊन गेली. त्यांचा भाऊ देओ वान त्री सूड घ्यायला खाली उतरला. शहर लुटलं, जाळलं. म्हातारा राजा उन खाम जळत्या वाड्यात अडकलेला. पावीच्या कंबोडियन साथीदारांपैकी केओ नावाच्या माणसाने त्याला बाहेर काढून होडीत घातला, आणि राजा, पावी, पळालेली रयत अशी सगळी वरात मेकाँगवरून खाली निघाली. वाटेत, पावी लिहितो, राजा त्याला म्हणाला की आम्ही सयामने जिंकलेले नाही, संरक्षण मिळावं म्हणून आपण होऊन खंडणी देत होतो. ते काही मिळालं नाही. आता माझा मुलगा राजी असेल तर आम्ही स्वतःला फ्रान्सच्या ओटीत घालतो.

गेल्या हिवाळ्यात लुआंग प्रबांगला गेलो होतो. राजवाड्याच्या खाली नदीकडे उतरायच्या पायऱ्या आहेत. तिथे बसून नूडल्स खात होतो आणि एकदम लागलं डोक्यात. दीड-पावणेदोन वर्षांच्या अंतराने दोन नद्यांवरून दोन राजे आपापल्या राजधानीतून खाली निघाले. एकाला इंग्रज घेऊन चालले होते, एकाला फ्रेंच. इरावतीवरचा रत्नागिरीला पोचला आणि तिथेच १९१६मध्ये गेला. मेकाँगवरचा दोन वर्षांनी आपल्या गादीवर परत आला. रक्त न सांडता, बंदूक न उचलता पावीने एक राज्य मिळवलं. "हृदयं जिंकणे" असं तो स्वतः या धोरणाला म्हणायचा.

मला हा माणूस आवडतो, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढचं उद्या.

---

अबोली | शनिवार, रात्री ११:०२

दंडवत! थिबाची ही बाजू अजिबात माहीत नव्हती. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

पेठेतला | रविवार, सकाळी ७:३०

विनोद नको म्हणालात म्हणून गप्प. (पण "पावी पावला" एवढं म्हणू द्याच.)

शंका: धाग्याला शब्दखुणा "मुत्सद्दी" आणि "राजकारणी" अशा दिल्यात. हा तर सरकारी नोकर दिसतोय.

---

तळटीप | रविवार, सकाळी ९:१०

लेख रंजक आहे, पण भाट्येकर, तुम्ही एक गोष्ट पदराआड ठेवलीत. "पावी लिहितो" हे दोन शब्द तुम्ही पटकन म्हणून पुढे गेलात. उन खामचं ते होडीतलं बोलणं आपल्याला कोणाकडून कळतं? पावीकडून. दुसरा साक्षीदार कोण? कोणी नाही. सत्तरी उलटलेला, घर जळालेला, बरोबर धड कपडे नसलेला म्हातारा ज्याच्या होडीत बसलाय त्याला काय म्हणेल? "तुमचे फार उपकार झाले" असंच म्हणेल ना? त्याचं भाषांतर "आम्ही स्वतःला फ्रान्सला अर्पण करतो" असं करणं हे मुत्सद्द्याचं काम झालं.

आणि "रक्त न सांडता" म्हणता, तर १८९३ कुठे गेलं? की तो उद्याचा भाग?

---

भाट्येकर | रविवार, सकाळी १०:४५

तळटीप, उद्याचाच भाग तो. थांबा की राव जरा.

पेठेतले, तुमची शंका रास्त. पावीने निवडणूक कधी लढवली नाही. राजकारणी होते ते पॅरिसमध्ये. अल्जीरियातल्या ओरानचा खासदार एझेन एतिएन याच्याभोवती १८९२मध्ये वसाहतवादी खासदारांचा गट जमला. १८९३मध्ये वसाहतींचं खातं देलकासेकडे आलं, तोच पुढे सात वर्षं परराष्ट्रमंत्री. तिसरा फ्रान्स्वा दलोंक्ल: आधी परराष्ट्र खात्याचा माणूस, क्रा संयोगभूमीवरच्या कालव्याच्या खटपटीत, नंतर खासदार. या मंडळींना सभागृहात भाषण करायला रोज एक कारण लागायचं आणि पावीची पत्रं ते पुरवायची. पावी त्यांचा नाही, ते पावीचे, असंही म्हणता येईल. शब्दखूण ठेवतो.

---

निवृत्त तारवाला | रविवार, दुपारी १:२०

आमच्या जातभाईवर धागा निघाला म्हणून सदस्यत्व घेतल्यानंतर पहिल्यांदाच लिहितोय. चुकभूल द्यावीघ्यावी.

माझी ३४ वर्षं तारखात्यात गेली. सुरुवातीची काही वर्षं लाइनवर होतो, घाटात. तार टाकणे म्हणजे खांब रोवून तार ओढणे असं लोकांना वाटतं. खांब रोवणे हे शेवटचं काम. आधी माणूस चालतो. पूर्ण मार्ग, पायी. नदी कुठे ओलांडायची, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, दगड कुठे लागतो, कोणत्या गावात माणसं मिळतील, मुकादम कोण, तो दारू पिऊन पैसे बुडवणारा आहे का. हे सगळं वहीत. दोन खांबांमधली तार ताठ ओढून चालत नाही, तिला झोळ ठेवावा लागतो, नाही तर थंडीत आकसून तुटते. आणि लाइन सुरू झाली की खरा ताप. वेली चढतात, फांद्या टेकतात आणि करंट जमिनीत उतरतो. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर कोयता घेऊन बारा-बारा मैल चालायचं, हे ठरलेलं.

म्हणून सांगतो, जंगलातून शेकडो मैल तार नेलेल्या माणसाला त्या मुलखाचं जे कळतं ते सेनापतीला कळणार नाही. गावाशी भांडून लाइन चालत नाही. रात्रीत तार कापून नेतात, तांबं असो की लोखंड. गावकऱ्यांशी गोड राहणं हा आमच्या धंद्याचाच भाग. पावी अनवाणी हिंडला यात साधुत्व किती आणि लाइनमनचा व्यवहार किती, हे तुम्ही अभ्यासू लोकांनी ठरवा. चिखलात बूट नकोच वाटतात, स्वानुभव आहे.

---

अबोली | रविवार, दुपारी २:०५

तारवाले काका, तुम्ही वेगळा धागा काढा. काढाच.

---

भाट्येकर | रविवार, रात्री ९:३०

काकांचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी झालाय.

पुढची गोष्ट. १८८७ ते १८९१ पावी डोंगरात हिंडत राहिला. हळूहळू त्याच्याबरोबर पथकच तयार झालं: लष्करी नकाशाकार, डॉक्टर, वनस्पती जमवणारे, मिळून सुमारे चाळीस जण. पावीच्या सगळ्या मोहिमांची बेरीज ३०,००० किलोमीटर वाट आणि ६,७६,००० चौरस किलोमीटर मुलूख अशी सांगतात. पायी, हत्तीवरून, तराफ्यावरून.

त्यातलं मला सर्वांत थोर वाटतं ते देओ वान त्रीचं प्रकरण. ज्याने लुआंग प्रबांग जाळलं, पावीचा स्वतःचा मुक्कामही ज्याच्यामुळे उठला, त्याच माणसाकडे हा निरोप पाठवत राहिला. त्याचे ओलीस धरलेले भाऊ सुटावेत म्हणून खटपट केली. १८९०मध्ये देओ वान त्री फ्रेंचांकडे आला, आणि असा आला की पुढे पिढीभर ते घराणं फ्रेंचांचं राहिलं. त्याचा मुलगा देओ वान लाँग थेट १९५४पर्यंत, म्हणजे दिएन बिएन फूला व्हिएतनामी फौजेने फ्रेंचांचा पाडाव केला तोवर फ्रेंचांच्या बाजूने होता. आणि १८८८च्या डिसेंबरात पावीने सयामी सेनापतीला डोंगरी मुलखातून माघार घ्यायला लावली ती कुठे बसून? त्याच दिएन बिएन फूला, त्या वेळच्या मुआंग थेंगला. जिथे पाया घातला तिथेच सहासष्ट वर्षांनी इमारत कोसळली.

१८९२मध्ये पावी बँकॉकला फ्रान्सचा मुख्य वकील झाला. आणि इथून मला लिहायला जड जातं. कारण आता जो पावी दिसतो त्याच्या पायात बूट आहेत.

मेकाँगचा डावा, म्हणजे पूर्वेचा काठ आमचा, हा फ्रान्सचा दावा. आधार काय, तर तो मुलूख एके काळी अन्नामच्या, म्हणजे व्हिएतनामच्या, बादशहाला खंडणी देत होता आणि अन्नाम आता आमच्या ताब्यात आहे. जून १८९३मध्ये फ्रेंच अधिकारी ग्रोग्युरँ सयामी अधिकारी फ्रा योतच्या लोकांशी झालेल्या चकमकीत मेला. पॅरिसला हवं होतं ते निमित्त मिळालं. १३ जुलैला इन्काँस्ताँ आणि कोमेत या दोन लढाऊ बोटी, पुढे वाट दाखवायला जाँ-बाप्तिस्त से नावाची आगबोट, अशा चाओ फ्राया नदीच्या मुखाशी पाकनामला घुसल्या. किल्ल्यावरून तोफा सुटल्या, वाटाड्या आगबोट निकामी झाली, पण दोन्ही बोटी निसटून रात्री बँकॉकला फ्रेंच वकिलातीसमोर नांगर टाकून उभ्या राहिल्या. २० जुलैला पावीने निर्वाणीचा खलिता दिला: अठ्ठेचाळीस तास. डावा काठ सोडा, भरपाई द्या, गुन्हेगारांना शिक्षा करा. सयामने अर्धंमुर्धं कबूल केलं. पावी वकिलात बंद करून बोटीवर चढला, किनाऱ्याला वेढा पडला. महिनाअखेर सयामने मान तुकवली.

३ ऑक्टोबर १८९३ला तह झाला. फ्रान्सतर्फे सही कोणाची? ल मीर द विलेरची. कांपोतच्या अनवाणी कारकुनाला ज्याने उचललं, त्याचीच.

आणि इंग्लंडचा राजदूत म्हणून पॅरिसमध्ये या प्रकरणावर फ्रेंच परराष्ट्रमंत्र्याशी वाद घालत कोण बसला होता? लॉर्ड डफरिन. थिबाला आमच्याकडे पाठवणारे. आता त्यांच्या पदवीत "आवा" हे ब्रह्मी राजधानीचं नावही चिकटलेलं होतं.

---

बँकॉकवाली | सोमवार, सकाळी ८:५०

इतके दिवस वाचनमात्र होते, आता राहवत नाही. लग्नानंतर अठरा वर्षं बँकॉकमध्ये आहे. मुलं इथल्या शाळेत शिकली, त्यामुळे त्यांचा इतिहासाचा अभ्यास मीही केला.

इथे या प्रकरणाला "रो सो ११२" म्हणतात. १७८२मध्ये राजधानी वसली, तिथपासून मोजलेलं ११२वं वर्ष. पावी इथल्या मुलांना ठाऊक आहे, पण हृदयं जिंकणारा म्हणून नाही. माझ्या मुलीने पाचवी-सहावीत असताना नदी, किल्ला आणि दोन बोटी असं चित्र काढलं होतं, त्यात बोटीवर एक लांब दाढीवाला. बोटीवर तो नव्हताच, पण पोरांच्या डोक्यात हेच बसलेलं.

भरपाई तीस लाख फ्रँकची होती. ती कशी भरली याची गोष्ट इथे प्रत्येकाला पाठ असते. सयामचा राजा तिसरा राम याच्या काळात चीनशी व्यापार जोरात होता. त्या राजाने मिळालेली चांदीची नाणी लाल कापडाच्या पिशव्यांत बांधून आपल्या पलंगाशेजारी ठेवली, देशावर संकट आलं तर उपयोगी पडतील म्हणून. त्यात मेक्सिकोची गरुडछाप नाणी पुष्कळ. लोक त्यांना "पक्षीछाप" म्हणायचे. १८९३मध्ये त्या लाल पिशव्या सुटल्या. सासूबाई आजही घरातल्या अडीअडचणीच्या पैशाला "लाल पिशवी" म्हणतात.

तह पुरा होईपर्यंत तारण म्हणून फ्रेंचांनी चांथाबुरी बंदर ताब्यात ठेवलं, १९०४च्या करारापर्यंत. तिथे लाएम सिंगला विटांचा एक चौकोनी बुरूज आहे, "खुक खी काय". सरळ मराठीत: कोंबडीच्या विष्ठेचा तुरुंग. खाली कैदी, वर जाळी, जाळीवर कोंबड्या. बाकी समजून घ्या. आम्ही गेलो तेव्हा दुपारी रणरणतं ऊन होतं, आत शिरले तर भिंतींना अरुंद फटी सोडून काही नाही. हात पसरले की दोन्हीकडच्या भिंती जवळच वाटतात. "हृदयं जिंकणे" वाचल्यावर मला तो बुरूज आठवला.

अवांतर: नावांची गंमत. तहावर सयामतर्फे सही करणारा राजपुत्र तेवावोंग म्हणजे आपला देववंश. राजा चुलालोंगकोर्न म्हणजे चूडालंकरण. पाकनाम मात्र शुद्ध थाई: पाक म्हणजे तोंड, नाम म्हणजे पाणी.

---

सुंभ_जळाला | सोमवार, सकाळी ९:४०

ताई, सयामची बाजू एवढी पण हळवी करू नका हो. लाओ लोकांचं काय? १८२८मध्ये सयामी फौजेने व्हिएन्टिएन जमीनदोस्त केलं आणि रयत उचलून उजव्या काठावर नेऊन वसवली. म्हणजे भांडण दोन चोरांचं. एकाकडे तोफा जुन्या, एकाकडे नव्या.

---

बँकॉकवाली | सोमवार, सकाळी १०:१५

मान्य, अगदी मान्य. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी इसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या. घरी लाओच बोलतात. त्यांच्या आईचं माहेर नदीपलीकडे. सणाला जायचं तर पूल, शिक्का, रांग. आज लाओसमध्ये आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त लाओ भाषक थायलंडमध्ये आहेत. मेकाँग ही त्यांची नदी होती, दोन्ही काठ मिळून एक गाव. तिची सरहद्द झाली ती ३ ऑक्टोबरच्या कागदाने.

---

तळटीप | सोमवार, सकाळी ११:३०

हाच मुद्दा मला मांडायचा होता, ताईंनी मावशींच्या तोंडून मांडला.

भाट्येकर, तुम्ही दोन पावी करताय. एक अनवाणी, चांगला. एक बूटवाला, बिघडलेला. मला एकच दिसतो. १८८७मध्ये त्याने राजाला वाचवला नसता तर १८९३मध्ये फ्रान्सकडे "आम्हाला तिथल्या लोकांनी बोलावलंय" म्हणायला काय होतं? भिक्खूंकडून उतरवून घेतलेल्या गोष्टी, गावांच्या याद्या, अन्नामच्या जुन्या खंडणीचे दाखले, नकाशा, हे सगळं एकाच पेटीतलं सामान. तोफा त्या पेटीच्या पाठोपाठ आल्या. तो ढोंगी होता असं मी म्हणत नाही. त्याचं त्या लोकांवर प्रेम असेलच. खोटं प्रेम असतं तर इतका उपयोग झाला नसता.

---

भाट्येकर | सोमवार, दुपारी १२:२०

हे वाक्य डसलं. पण एक विचारतो. समजा पावी नसता. मग लुआंग प्रबांगचं काय झालं असतं? फ्रेंच आलेच असते, पावीच्या जागी कोणीतरी गलमिशावाला कर्नल आला असता. राजघराणं टिकलं, शहर पुन्हा उभं राहिलं, हे पावीमुळे. बाकीचा लाओस फ्रेंचांनी थेट कारभाराखाली घेतला, लुआंग प्रबांगला संरक्षित राज्य म्हणून राजा राहू दिला. थिबाला हे मिळालं नाही. मंडालेच्या राजवाड्यात तर इंग्रजांनी छावणी आणि क्लब थाटला.

---

पेठेतला | सोमवार, दुपारी १२:४०

म्हणजे "आमचा चोर तुमच्या चोरापेक्षा बरा". चालू द्या. मी चिवडा घेऊन बसलोय.

---

निवृत्त तारवाला | सोमवार, संध्याकाळी ६:१०

मला राजकारणातलं कळत नाही, पण एक तांत्रिक शंका. १८८३पासून बँकॉकला तार होती म्हणता, म्हणजे जुलै १८९३मध्ये पॅरिस आणि पावी एकमेकांशी तारेने बोलत असणार. मग बोटी आत घालायच्या की नाही हा हुकूम पॅरिसचा होता का?

---

भाट्येकर | सोमवार, रात्री ९:०५

काका, नेमकं बोट ठेवलंत. हुकूम उलटा होता. इंग्रजांशी तंटा नको म्हणून पॅरिसने शेवटच्या घडीला कळवलं की बोटींनी नदीच्या मुखावरचा वाळूचा बांध तूर्त ओलांडू नये. पावीने तो निरोप बोटींकडे रवाना केला. इन्काँस्ताँचा कप्तान बोरी याला तो मिळालाही. पण त्याच्याकडे आपल्या अॅडमिरलचा आत जाण्याचा हुकूम होता आणि संध्याकाळची भरती साधायची होती. भरती गेली तर बांधावर पाणी पुरत नाही. तो गेला.

पावीने निरोप किती निकडीने दिला, त्याला मनातून बोटी आत यायला हव्या होत्या का, यावर अभ्यासक आजही भांडतात.

आणखी एक. ३० जुलैला लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री रोझबेरीला खबर मिळाली की बँकॉकच्या वेढ्यातून इंग्रजी लढाऊ बोट बाहेर काढा असं फ्रेंचांनी बजावलंय. एक रात्र युद्धाच्या गोष्टी झाल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, तसं काही नव्हतंच, निरोपाचा अर्थ चुकला होता.

---

निवृत्त तारवाला | सोमवार, रात्री १०:३०

पटलं. आमच्याकडे तार पोचवली की पावतीवर घेणाऱ्याची सही आणि वेळ घ्यायचो. सही नसली तर मेमो. का, तर उद्या कोणी म्हणू नये की तार उशिरा आली. एकदा अशाच एका तारेवरून एका कचेरीत मला दोन तास उभं केलं होतं. साहेबांनी तार टेबलावर ठेवली आणि जेवायला गेले, परत आले तोवर गाडी सुटलेली. ठपका माझ्यावर. सही दाखवली, १२:४०ची. तेव्हा सुटलो.

तार पोचली आणि तार वाचली यात फरक असतो, आणि वाचली आणि मानली यात त्याहून मोठा. पावी आमच्या खात्यातलाच, त्याला हे पुरतं ठाऊक असणार. म्हणून मला त्याचा संशय येतो. मला जर काही घडू द्यायचं असेल आणि अंगावरही घ्यायचं नसेल, तर मीही अगदी वेळेवर, सही घेऊन, निरोप पोचवीन.

---

तळटीप | सोमवार, रात्री १०:४१

काका, _/\_. अभ्यासकांना तुमच्याकडे पाठवायला हवं.

---

अबोली | मंगळवार, सकाळी ८:००

पुढे काय झालं त्याचं? आणि फ्रा योतचं?

---

भाट्येकर | मंगळवार, रात्री ९:५०

फ्रा योतला सयामी न्यायालयाने १८९४मध्ये निर्दोष सोडलं. फ्रेंचांना ते मानवलं नाही, फ्रेंच न्यायाधीश बसवून पुन्हा खटला, वीस वर्षं सक्तमजुरी. १८९८मध्ये सुटला.

पावी १८९४मध्ये लाओसचा कमिशनर जनरल झाला आणि इंग्रजांबरोबर सरहद्द आखायला वरच्या मेकाँगवर गेला. समोर इंग्रजांचा माणूस जॉर्ज स्कॉट, ब्रह्मदेशात फुटबॉल आणला म्हणून ज्याचं नाव घेतात तो. १८९५ सुरू होता होता पावी मुआंग सिंगला पोचतो तर तिथे इंग्रजी झेंडा फडकतोय. त्यावरून पुन्हा वर्षभर लंडन-पॅरिस घासाघीस. जानेवारी १८९६च्या करारात तो गाव फ्रेंचांकडे गेला. स्कॉट आणि पावी दोघेही त्या मुलखाच्या भाषांत मुरलेले, दोघेही लोककथा जमवणारे, आणि दोघांच्या खिशात झेंडा. तळटीप, हा तुमच्या बाजूचा पुरावा, मीच देतोय.

१९०४मध्ये पावी निवृत्त झाला. ब्रिटनीतल्या थुरी गावी राहायला गेला, मोहिमांचे खंड पुरे केले, आठवणी लिहिल्या. १९२५च्या जूनमध्ये वारला.

दिवाळीत रत्नागिरीला जातोय. थिबाच्या समाधीकडे पुष्कळ वर्षांत फिरकलो नाही. फोटो काढून टाकतो.

---

बँकॉकवाली | मंगळवार, रात्री १०:२५

टाका नक्की. मी त्या बुरुजाचे शोधतेय, जुन्या फोनमध्ये आहेत. आणि मावशींना तुमची होडीतल्या राजाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "त्याने होडीवाल्याला पैसे दिले का?"